संग्रहालयाच्या दप्तरातला कोळीवाडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे आणि पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांवर इन्स्टॉलेशन (जागेत वस्तू, फोटो, आवाज मांडून उभी केलेली कलाकृती) करायला निघालेल्यांसाठी हे पान आहे. आर्ट स्कूलची मुलं, आर्किटेक्चरचे विद्यार्थी, नुकतीच ग्रँट मिळालेले कलाकार, सगळे साधारण हेच प्रश्न घेऊन येतात. उत्तरांत माझी मतंही मिसळलेली आहेत. ती पटली नाहीत तर सोडून द्या, तपशील तेवढे घ्या.

सुरुवात कुठून करू?

कॅटलॉगमध्ये ‘कोळी’ हा शब्द टाकून तर मुळीच नको. इंग्रजांच्या कागदांत हा एकच शब्द किनाऱ्यावरच्या सोनकोळ्यांना, सह्याद्रीतल्या महादेव कोळ्यांना आणि गुजरातेतल्या कोळ्यांना सरसकट लावलेला आहे. मग होतं काय, तुम्ही मासेमारी शोधायला बसता आणि समोर येतात राघोजी भांगऱ्यांच्या बंडाचे पोलिसी अहवाल. वाचायला रंजक, पण त्यात समुद्र नाही. शिवाय स्पेलिंगचा गोंधळ आहेच. कुणी ‘के’ने लिहितो, कुणी ‘सी’ने, आणि जुन्या कागदांत ‘कुली’शी सरमिसळ होते ती वेगळीच.

त्यापेक्षा एक वस्तू धरा किंवा एक जागा धरा. वस्तू म्हणजे जाळं, होडी, टोपली, सुका बोंबील. जागा म्हणजे मांडवी, वरळी, माहीम, वेसावे, चेंदणी, सातपाटी. जागेच्या नावाने शोधलं की बंदर, खाजण, मिठागर, बाजार, भरणी (समुद्रात घातलेला भराव), प्लेग अशा मथळ्यांखाली कोळीवाडा सापडू लागतो. सरकारला कोळ्यांशी काम पडायचं ते कराचं, जमिनीचं, नाहीतर रोगराईचं. त्यामुळे त्यांचे कागदही त्याच खात्यांत पडलेले आहेत.

कोणकोणत्या संस्थांत जायचं?

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय सगळ्यात आधी. १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. मुंबईतल्या जातीजमाती आणि धंदे दाखवणाऱ्या मातीच्या बाहुल्या, देखाव्यांची मॉडेल्स, नकाशे, सगळं एका छताखाली बघायला मिळतं. फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय दुसरं.

कागदपत्रांसाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्याचं पुराभिलेखागार. तिथे ओळखपत्र आणि संस्थेचं पत्र लागतं, आणि धीर लागतो. फाईल मागवली की ती येईपर्यंत वेळ जातो, म्हणून एका वेळी एकच मागवून बसू नका. टाउन हॉलातली एशियाटिक सोसायटी छापील पुस्तकांसाठी.

परदेशातली काही साधनं घरबसल्या बघता येतात. फ्रेंच नौदल अधिकारी फ्रांस्वा-एदमाँ पारिस याने १८४० च्या दशकात युरोपाबाहेरच्या बोटींवर मोठा ग्रंथ काढला. मुंबईची पत्तेमारी, म्हणजे शिडाची मालवाहू होडी, त्यात मोजमापांसह रेखाटलेली आहे. जेम्स हॉर्नेल मद्रासच्या मत्स्यखात्यात होता. त्याचा भारतीय बोटींच्या बांधणीवरचा दीर्घ निबंध १९२० चा. होडीवर काम करणार असाल तर हे दोन्ही बघितल्याशिवाय स्केचबुक उघडू नका.

संग्रहालयातल्या मातीच्या बाहुल्या आणि बोटींची मॉडेल्स कितपत खरी धरायची?

कारागिराच्या हातापुरती खरी. अशी मॉडेल्स प्रदर्शनासाठी बनत. ‘अमुक जात, अमुक पोशाख, अमुक धंदा’ एका नजरेत कळावा हा हेतू. त्यामुळे कोळ्याच्या कमरेचा रुमाल आणि डोक्यावरची टोपी बरोबर असते, पण तो कुणाच्या होडीवर होता, तांडेल (होडीचा म्होरक्या) होता की रोजावरचा खलाशी, हे कळायला मार्ग नसतो.

एक सवय लावून घ्या. काचेपलीकडचं लेबल वाचून परत फिरू नका. नोंदवहीतली मूळ नोंद मागा. वस्तू कधी आली, कुणाकडून आली, विकत घेतली की देणगी, त्या वेळी तिचं वर्णन काय लिहिलं होतं, हे त्यात असतं. लेबल दर पिढीला बदलतं. नोंदवही सहसा कुणी खोडत नाही.

जुन्या फोटोंवरच सगळं इन्स्टॉलेशन उभं करायचंय. चालेल का?

चालेल, पण फोटो कसे काढले गेले ते आधी समजून घ्या.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. तिच्यात सरकारी नोकर विल्यम जॉन्सन होता आणि डॉ. भाऊ दाजींचे धाकटे बंधू नारायण दाजीही होते. जॉन्सनचं मुंबईतल्या जातीजमातींवरचं फोटोंचं पुस्तक १८६३ आणि १८६६ अशा दोन भागांत निघालं. त्याच्या त्या काळच्या कामात मुंबईचे मासेमार आणि कोळणीही आहेत. आता गंमत बघा. या पुस्तकातली पुष्कळशी चित्रं जोडकामाची आहेत. माणसांचा गट एका निगेटिव्हवर, मागचा देखावा दुसऱ्या. माणसं कापून दुसऱ्याच जागेवर बसवलेली. म्हणजे फोटोतली माणसं त्या मागच्या ठिकाणी कधी उभी होतीच असं नाही. त्या देखाव्यावरून ‘१८६० च्या दशकातला मुंबईचा किनारा’ असं भिंतीवर लिहिणार असाल तर थांबा. पण तुम्ही कलाकार असाल तर ही जोडकामाची शिवणच तुमचा विषय होऊ शकते. मला तरी तो देखाव्यापेक्षा जास्त जिवंत वाटतो.

दुसरी गोष्ट नावांची. याच्या वीसेक वर्षं आधी, १८४३ ते १८४७ च्या दरम्यान, डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट ॲडमसन या जोडीने स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळच्या न्यूहेवन या मच्छीमार गावाचे फोटो काढले. तिथल्या मासळीवाल्या बायकांचे फोटो आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि त्यांतल्या कित्येकींची नावं आपल्याला ठाऊक आहेत: एलिझाबेथ जॉन्स्टन हॉल, तिकडच्या पुरुषांपैकी जेम्स लिंटन. काढणारा आणि काढून घेणारी एकाच परिसरातले, एकाच भाषेतले, म्हणून नावं टिकली. आपल्याकडे त्यानंतरच्या फोटोखालीही ‘मुंबईचे मासेमार’, संपलं. पुढे १९०० च्या सुमाराला पिक्चर पोस्टकार्डं आली. टोपली घेतलेली कोळीण हजारोंच्या संख्येने टपालाने जगभर गेली, तीही बिननावाचीच.

तेव्हा फोटो वापरा, पण भिंतभर मोठा करून वॉलपेपरसारखा लावू नका. मोठा केला की चेहरा देखणा दिसतो आणि नावाची उणीव झाकली जाते. हात बघा, पाय बघा, टोपली कशी धरलीय ते बघा, लुगड्याचा काठ बघा. कोळीवाड्यातल्या म्हातारीला दाखवलात तर ती पहिल्या मिनिटात सांगेल की ही बाई खरंच मासळी विकणारी आहे की फोटोसाठी टोपली हातात दिलेली.

मग नावं कुठे मिळतात?

भांडणांत! हे मी गमतीने म्हणत नाही.

समुद्रात खुंट ठोकून जाळी लावायची जागा ही पिढीजात मिळकत. पालघर-वसईकडे तिला कव म्हणतात, आणि कव मारण्यावरून सातपाटी, डहाणू, वसईचे तंटे आजही बातमीत येतात. हे तंटे जुने आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या १८७६ सालच्या निकालांत बबन मायाचा विरुद्ध नागू श्रावूचा असा एक खटला छापलेला आहे. आमच्या जाळ्यांपुढे यांनी आपले खुंट आणि जाळी लावली, म्हणून आमची मासळी अडली, अशी तक्रार. समुद्रातल्या मासेमारीचा हक्क कुणाचा, या मुद्द्यावर वकील आजही तो निकाल काढतात. तुम्हाला कायद्याशी काम नसेल. पण फोटोंमध्ये जे कधीच मिळत नाही ते इथे मिळतं. कोळ्याचं नाव, बापाचं नाव, धंद्याची रीत, आणि त्याचं स्वतःचं म्हणणं, भले वकिलाच्या इंग्रजीतून गाळून आलेलं का असेना.

खटल्यांशिवाय आणखी ठिकाणं आहेत. उत्तन, गोराईकडच्या ख्रिस्ती कोळ्यांची नावं चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या रजिस्टरांत असतात. ती बघायला धर्मगुरूंची परवानगी लागते आणि ती मागताना कलाप्रकल्पाची मोठमोठी वाक्यं उपयोगी पडत नाहीत. मच्छीमार सहकारी सोसायट्यांच्या सभासदवह्या, बर्फाच्या आणि डिझेलच्या खतावण्या, जमातीच्या (गावच्या कोळी पंचायतीच्या) वर्गणीच्या याद्या, हे सगळं गावातच असतं, कपाटात, कधी माळ्यावर. कुठल्याही संग्रहालयाच्या कॅटलॉगमध्ये ते नाही.

छापील मराठी आणि इंग्रजी साधनं कुठली वाचू?

गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ (१८६३) आधी, कारण ते आपल्या भाषेत आहे आणि शहराला आतून ओळखणाऱ्याचं आहे. मग कॅम्पबेलने संपादलेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची सरकारी माहितीपुस्तकं: रत्नागिरी १८८०, ठाणे १८८२, कुलाबा १८८३. यांत मासेमारीची माहिती भरपूर आहे. एडवर्ड्सचं मुंबई शहराचं गॅझेटियर १९०९ पासूनचं. एन्थोवेनचे जातीजमातींवरचे तीन खंड १९२० ते १९२२. स्वातंत्र्यानंतरचं म्हणाल तर विजया पुणेकर यांचा मुंबईच्या सोनकोळ्यांवरचा १९५९ सालचा अभ्यास.

गॅझेटियरमध्ये एकाच पानावर दोन प्रकारचा मजकूर असतो. होडी केवढी, जाळं कसलं, मासळी कुठे जाते, हा मजकूर कामाचा. लोक स्वभावाने कसे, दारू किती पितात, हे शेरे लिहिणाऱ्या साहेबाबद्दल जास्त सांगतात. पहिला प्रकार घ्या. दुसरा वापरायचाच असेल तर तो कुणी लिहिला हे शेजारी ठळक लिहा.

कोळणी कागदात दिसतच नाहीत. असं का?

दिसतात, पण तक्रारीच्या रूपात. मासेमार म्हटला की कारकुनाने पुरुष लिहिला. प्रत्यक्षात होडी किनाऱ्याला लागली की पुढचा सगळा व्यवहार बायकांचा: लिलाव, वाटणी, सुकवणं, खारवणं, बाजार, उधारी, वसुली. घरात पैसा कुणाच्या हातात असतो हे कुठल्याही कोळीवाड्यात विचारा.

म्हणून बायकांसाठी बाजार आणि आरोग्य ही दोन खाती चाळा. १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट झालं. अशा मंडया बांधणं म्हणजे रस्त्यावर बसणाऱ्या विक्रेत्यांना ओट्यावर आणणं, परवाना देणं, जागा आखणं. या आखणीच्या कागदांत कोळीण सापडते. दुसरं म्हणजे वास. मुंबईच्या दप्तरात मासळीच्या वासाबद्दलची कुरकुर शहराइतकीच जुनी आहे. १६७० च्या दशकात इथे येऊन गेलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने मुंबईच्या रोगट हवेचा दोष नारळाच्या झाडांना घालायच्या कुजक्या मासळीच्या खतावर टाकला होता. तिथपासून आजच्या सोसायटीतल्या ‘लिफ्टमधून मासळी नेऊ नये’ या पाटीपर्यंत एक सरळ रेघ ओढता येते. कुणीतरी ती ओढावी.

प्लेगच्या फायलींचा उपयोग होतो का?

खूप. १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग आधी मांडवीत उघडकीला आला. त्यानंतर घरं तपासणं, उपसणं, पाडणं सुरू झालं आणि १८९८ ला शहरसुधारणेसाठीचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. वस्ती मोजायला लागले की खोलीखोलीची नोंद होते. घर कसं होतं, आत काय होतं, किती माणसं राहत होती, हा तपशील अशा फायलींतच मिळतो. वाचताना जीव कासावीस होतो, एवढं सांगून ठेवतो.

नकाशांचं काय करायचं?

जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवून किनारा सरकलेला दाखवणं हे आता इतक्यांनी केलंय की नुसतं तेवढंच केलंत तर बघणारा पुढे निघून जातो. तरी अभ्यासासाठी करायलाच हवं. मुंबई बेटाची डिकिन्सनची पाहणी १८१२ ते १८१६ ची, लॉटनची १८६५ ते १८७२ ची. दोन्ही बघा, मग मांडवी कोळीवाडा कुठे आहे ते बघा. पुढ्यात पोर्ट ट्रस्टची भरणी झाली, गोद्या आल्या, रेल्वे आली, आणि समुद्रावरचा कोळीवाडा समुद्र न दिसणारा झाला. शीव कोळीवाड्याचंही तसंच. तिथलं नाव आज बहुतेकांना ठाऊक आहे ते तळलेल्या कोळंबीच्या बशीवरून, आणि तो पदार्थसुद्धा फाळणीनंतर आलेल्या पंजाबी हॉटेलवाल्यांचा, असं सांगतात.

मला स्वतःला जमिनीच्या नकाशापेक्षा पाण्याचा नकाशा जास्त हवासा वाटतो. कुठल्या खडकापासून कुठल्या देवळाच्या रेषेत आलं की जाळं टाकायचं, हे तांडेलाच्या डोक्यात असतं. त्याला तुमच्यासमोर कागदावर काढायला सांगा. आजच्या जीपीएसच्या पिढीआधीचे तांडेल अजून आहेत.

जाळं ‘वाचायचं’ कसं?

डोल घ्या. मुंबईपासून उत्तरेकडच्या किनाऱ्याचं हे मुख्य जाळं, बोंबील, करंदी, जवळा याच्यातच येतो. मोठ्या पिशवीसारखं, तोंडाशी रुंद, शेपटाकडे निमुळतं होत गेलेलं. तोंडाकडची आसं (विणीतली भोकं) मोठी, मागे जाता जाता बारीक होत शेवटी बोटही शिरणार नाही अशी. शेवटच्या भागाला खोला म्हणतात, मासळी साठते ती तिथे. तोंड उघडं धरायला खुंट नाहीतर नांगर, वर तरंगती पिंपं. डोल ओढावी लागत नाही. भरती-ओहोटीचं पाणीच मासळी आत आणून सोडतं, आणि पाणी उलटायच्या आत जाळं उचलावं लागतं. म्हणून कोळ्याचं घड्याळ चंद्रावर चालतं. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. उधाणात पाण्याला ओढ, तेव्हा डोलीला काम. जुन्या डायरीत, फोटोमागे किंवा पत्रात तारीख सापडली तर पंचांगात तिथी बघा. त्या दिवशी होड्या बाहेर असण्याचा संभव किती, याचा अंदाज बसतो. ही युक्ती पुराभिलेखागारात कुणी शिकवत नाही.

आता जाळ्याच्या जवळ जा. सूत कसलं आहे? १९५० नंतर हळूहळू नायलॉन आलं, त्याआधी कापूस आणि तागासारखे धागे होते, आणि ते कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत. जुन्या जाळ्याचा तो तपकिरी रंग मळाचा नाही, काढ्याचा. गाठ डाव्या हाताच्या माणसाची आहे का बघा. दुरुस्ती मोजा. चांगल्या जाळ्यात मूळ विणीइतकीच दुरुस्ती असते आणि दुरुस्तीचं सूत वेगळ्या वर्षाचं असतं. लेबलावर एकोणिसावं शतक लिहिलंय आणि धागा चमकतोय, तर क्युरेटरला हळूच विचारा.

आवाज हवाय. जुनं ध्वनिमुद्रण नसेल तर?

ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ चा. कोकण किनाऱ्यावरच्या बोलींत त्यात कोळी बोलीचाही समावेश आहे. या सर्वेक्षणात बोलींचा नमुना म्हणून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट त्या त्या बोलीत सांगवून घ्यायची पद्धत होती, शिवाय स्थानिक गोष्टीही घेत. हे नमुने काढा, आणि आज कोळीवाड्यात राहणाऱ्या आजोबांना वाचायला द्या. ते मध्येच थांबतील, ‘आम्ही असं नाय बोलत’ म्हणतील, दुरुस्त करतील. ती दुरुस्तीच रेकॉर्ड करा. स्पष्ट उच्चारांच्या व्यावसायिक आवाजापेक्षा ती कितीतरी मोलाची.

लग्नाची आणि हळदीची गाणी रेकॉर्ड करायची असतील तर हळदीलाच जा. स्टुडिओत बोलावून गायला लावू नका.

कोळीवाड्यात कधी जायचं, कुणाला भेटायचं?

जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या ओढलेल्या, जाळ्यांची डागडुजी चाललेली, माणसं घरी. बोलायला हा काळ उत्तम. नारळी पौर्णिमेच्या दिवशी मात्र मुलाखत मागू नका, तुमच्यासारखे कॅमेरेवाले पन्नास आलेले असतात. गावचे पाटील आणि जमातीची माणसं यांना आधी भेटा, सोसायटीच्या चेअरमनला भेटा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण हे तिन्ही बहुधा पुरुष असतात. बाजारात मावशीकडून मासळी विकत घ्या. फुकट वेळ मागू नका, सकाळी गिऱ्हाइकाच्या वेळी तर नकोच.

मानधन द्यायचं का?

हो. बजेटमध्ये वेगळी ओळ ठेवा. भिंतीवर नाव द्या, तेही त्यांनी सांगितलेल्या स्पेलिंगने. ज्याला नाव नको असेल त्याचं टाकू नका. संमतिपत्र मराठीत करा आणि वाचून दाखवा.

जुने फोटो आणि नकाशे वापरायला परवानगी लागते का?

कायद्याने आणि संग्रहालयाच्या नियमाने, असे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. भारतीय कायद्यात छायाचित्राचा कॉपीराइट आता छायाचित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं असतो. १८६० च्या फोटोवर तो केव्हाच संपला. पण संग्रहालय तुम्हाला स्कॅन देतं तेव्हा त्यांचा स्वतःचा करार असतो: कुठे लावणार, किती काळ, श्रेय कसं देणार, शुल्क किती. तो वाचून सही करा. इन्स्टॉलेशनसाठी घेतलेली परवानगी कॅटलॉग, टी-शर्ट आणि इन्स्टाग्रामला आपोआप लागू होत नाही. आणि कोळीवाड्यातल्या कुटुंबाचा अल्बम असेल तर कायदा बाजूला ठेवा, घरच्या सगळ्यांना विचारा, फोटोतल्या वारलेल्या माणसाच्या मुलांनासुद्धा.

याआधी असं काम कुणी केलंय?

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले पराग तांडेल स्वतः कोळी समाजातले कलाकार आहेत. त्यांनी आणि कादंबरी कोळी यांनी ‘तांडेल फंड ऑफ अर्काइव्ह्ज’ हा उपक्रम सुरू केला. समाजाच्या वस्तू, शब्द, पाककृती, आठवणी समाजातल्याच माणसांनी जमवायच्या, ही त्यामागची दिशा. बाहेरून येणाऱ्याने आधी हे बघावं.

दुसरं उदाहरण ससून गोदीचं. १८७५ ची ही गोदी मुळात कापसाच्या व्यापारासाठी बांधलेली, मासळी नंतर आली. २०१७ साली तिथे ‘St+art India’ या कलासंस्थेने मोठा कलाप्रकल्प केला, गोदीवरच्या लोकांचे भव्य चेहरे भिंतींवर लागले. शहरातला एक वर्ग पहिल्यांदा त्या दारातून आत गेला, ही जमेची बाजू. पण पहाटे कोळंबी सोलायला बसणाऱ्या बायकांच्या रांगेतून वाट काढत फोटो घेणारे प्रेक्षकही तेव्हा दिसत होते. तुमचं काम चालू बंदरात असेल तर प्रेक्षक कुठून आत येतील आणि कुठे थांबतील, हे आधी आखा.

मोडकी होडी किंवा जुनी जाळी छताला टांगावी म्हणतोय...

विचार बदला, असं सुचवेन. छताला टांगलेलं जाळं सी-फूड रेस्टॉरंटांनी वापरून वापरून संपवलंय.

तरीही वापरायचंच असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. वापरलेल्या जाळ्यात मीठ असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि शेजारच्या कागदाला, धातूला खातं. गोड्या पाण्यात पुन्हापुन्हा भिजवून धुवा, पूर्ण वाळवा. संग्रहालयाच्या आत न्यायचं असेल तर किडीसाठी ते वेगळं ठेवायला सांगतात, सुती जाळं असेल तर उणे २० अंशांखाली आठवडा-दोन आठवडे गोठवून घेतात. यासाठी वेळापत्रकात जागा ठेवा, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी टेम्पो भरून आणलात तर दारावरच अडवतील. नायलॉन दिव्याच्या उष्णतेने वितळतं. सुकी मासळी संग्रहालयात नेता येईल का, याचं उत्तर नाही असंच येतं.

कोस्टल रोड, पुनर्विकास, कोळीवाड्यांच्या हद्दींचं सीमांकन हे विषय घ्यावेत का? संग्रहालय बिचकतं.

बिचकणारच. पण १८९८ च्या फायली दाखवून आजचं मौन पाळलंत तर कोळीवाड्यातला प्रेक्षक तुम्हाला माफ करणार नाही. एक मार्ग असा की वाद न लिहिता मोजमाप दाखवायचं. वरळीच्या मच्छीमारांनी कोस्टल रोडच्या दोन खांबांमधलं अंतर होड्यांसाठी ६० मीटर पुरत नाही म्हणून आंदोलन केलं आणि ते १२० मीटर करायचं ठरलं. गॅलरीच्या फरशीवर ६० मीटर आखून दाखवा, जागा असेल तर. बहुतेक गॅलरीत ते मावणारसुद्धा नाही, आणि होडी वाऱ्या-लाटांत डुलते हे त्यात धरलेलंच नाही.

भिंतीवरचा मजकूर कुठल्या भाषेत?

मराठी आधी, इंग्रजी नंतर, अक्षरांचा आकार सारखा. कोळी बोलीतली वाक्यं प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका.

संग्रहालयाने मूळ वस्तू दाखवायला नकार दिला तर?

पुष्कळदा देतात, आणि बऱ्याचदा कारण रास्त असतं: वस्तू नाजूक, माणसं कमी, गोदाम लांब. मग मूळ वस्तूचा हट्ट सोडून नोंदकार्डाची प्रत आणि छोटा संदर्भ-फोटो मागा. त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. जुन्या फोटोंच्या बाबतीत तर एकाच चित्राच्या अनेक प्रती निघालेल्या असतात. जॉन्सनचे फोटो आणि पुस्तकं अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी स्कॅन करून खुली ठेवली आहेत. इथे वर्षभर अर्ज करत बसण्याऐवजी ती रात्री घरी बसून उघडा, आणि चित्राचा क्रमांक घेऊन पुन्हा भायखळ्याला किंवा फोर्टात जा. क्रमांक घेऊन आलेल्या माणसाशी कर्मचारी वेगळ्या सुरात बोलतात. अर्जात ‘संशोधनासाठी’ एवढंच न लिहिता कुठली वस्तू, तिचा कुठला भाग, किती वेळ, हे लिहा. पेन्सिल सोबत न्या, पेन आत नेऊ देत नाहीत.